स्नायूंच्या आजारासाठी घरबसल्या व्यायाम : एका ऑनलाइन सेवेबद्दल

माझ्या धाकट्या भावाला लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. कंबर, मांड्या आणि खांद्यांचे स्नायू हळूहळू क्षीण करणारा हा आनुवंशिक आजार. एसटीच्या पायऱ्या आणि लांबचा प्रवास यांतच त्याची दिवसभराची ताकद संपत असल्याने पुण्यातील एका फिजिओथेरपी केंद्राची व्हिडिओ कॉलवरची सेवा आम्ही घेतली. काही तक्रारीही मांडायच्या आहेत, म्हणून केंद्राचे नाव देत नाही.

पहिली तपासणी प्रत्यक्षच व्हायला हवी, हा केंद्राचा आग्रह मला सर्वाधिक पटला. आखडलेला सांधा हाताला जाणवतो, पडद्यावर तो नीट कळत नाही. या आजाराच्या काही प्रकारांत हृदय आणि श्वसनही बाधित होत असल्याने टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि फुप्फुसांच्या क्षमतेचा अहवाल पाहिल्याशिवाय त्यांनी एकही व्यायाम दिला नाही.

घरच्या सत्रात आम्ही फोन स्टीलच्या डब्याला टेकवून समोर ठेवला होता. केंद्राच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी तो बाजूला, गुडघे आणि टाचा दिसतील असा ठेवायला लावला. खुर्चीतून उठताना भाऊ मांड्यांवर हात रेटतो, हे दिसताच त्यांनी सतरंजीची घडी घालून बैठक उंच करून घेतली. बसताना मात्र भार मांड्यांवर न सोडता खुर्चीच्या हातांवर घ्यायला सांगितले, कारण सावकाश टेकताना किंवा जिना उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि अशा कमकुवत तंतूंना त्यातूनच इजा होण्याचा धोका अधिक असतो. जिममध्ये नेमके याच्या उलट, ‘हळू खाली या’ असे शिकवतात!

व्यायाम करताना बोलता आले पाहिजे, दुसऱ्या दिवशीही अंग दुखत राहिले तर मात्रा कमी करायची आणि लघवी गडद तपकिरी झाली तर व्यायाम थांबवून ताबडतोब डॉक्टर गाठायचा, हे नियम त्यांनी आईकडूनही वदवून घेतले.

त्यांच्या ॲपची तऱ्हा मात्र निराळी आहे. सलग व्यायाम केला की गुण वाढतात आणि विश्रांतीच्या दिवशी ते शून्यावर येतात. मॅडम सांगतात ‘दमलात तर थांबा’ आणि फोन म्हणतो ‘आज राहिले!’, गुण टिकवण्यासाठी भावाने दमलेल्या अंगाने व्यायाम केल्याचे मी पाहिले आहे. ही सोय बंद करण्याची विनंती केली, पण ते आपल्या हातात नाही असे उत्तर मिळाले. शुल्क महिन्याचे आगाऊ घेतात, आणि तापात बुडालेली सत्रे पुढे ढकलून मिळाली नाहीत.

उभ्याने करायच्या व्यायामांना धरायला जवळ माणूस लागतोच, त्यामुळे एकट्याने राहणाऱ्यांना ही सेवा मी सुचवणार नाही. मायस्थेनिया या स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराच्या रुग्णांनी पैसे भरण्यापूर्वी वेळ ठरवून घ्यावी. त्यांचा अशक्तपणा सहसा दिवस कलेल तसा वाढतो आणि गोळीचा अंमल असताना केलेला व्यायाम सोसतो, तर या केंद्राकडे रिकाम्या वेळा बहुतेक संध्याकाळच्याच असतात.