नेट अडकतंय म्हणून फोन लावला आणि ४६,७५९ रुपये गेले

माझं कराडला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. कॉम्प्युटर जुना, विंडोज ७. "अजून सेव्हन वापरता?" असं विचारू नका. मराठी टायपिंगचं श्रीलिपी आणि जुना प्रिंटर त्याच्यावरच नीट चालतात, आणि नवीन मशीनचे पैसे विचारणारा देत नाही.

फायबर घेतल्यापासून कॉम्प्युटरचं नेट मध्येच जायचं. त्याच वायफायवर मोबाईल मात्र मस्त. उघडलेली साइट चालू राहायची, नवीन उघडायला गेलं की 'सर्व्हर सापडत नाही'. सातबाऱ्यासाठी काउंटरवर माणसं खोळंबलेली. घाईत मोबाईलवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर शोधलं आणि सगळ्यात वरचा नंबर लावला. ती जाहिरात होती. खरा नंबर बिलावर छापलेला असतो, तिथलाच लावा.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. लांबून आपला कॉम्प्युटर बघू आणि चालवू देणारं अॅप टाका, त्याचा कोड सांगा. मग इव्हेंट व्ह्यूअरमधल्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीतल्या लाल-पिवळ्या ओळी, मग काळ्या खिडकीत नेटस्टॅट, म्हणजे चालू कनेक्शनची यादी. "सर, ये देखिए फॉरेन अॅड्रेस. बाहरवाले घुसे हैं, आपका आयपी ब्लॉक कर दिया है." फॉरेन अॅड्रेस म्हणजे नुसता समोरच्या टोकाचा पत्ता, धडधाकट मशीनवरही दिसतो. लाल ओळींचंही तेच. हे मला कोण सांगणार होतं? मी लोकांचे फॉर्म भरतो, नेटवर्किंग शिकलेलो नाही.

पण एक गोष्ट आठवली की अजून डोकं फिरतं. त्याचा माउस माझ्या स्क्रीनवर तासभर सुरळीत फिरत होता. नेट ब्लॉक होतं तर हा आत आला कुठून? नेट चालूच होतं. साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणं तेवढं अडत होतं; हे काम डीएनएस सर्व्हर करतो. त्याचं कनेक्शन एकदा जोडलं गेलेलं, त्याला पुन्हा नाव विचारायची गरजच नव्हती. आणि ज्या पिवळ्या ओळीवर माउस नेऊन तो "हॅकर, हॅकर" करत होता, तिचा नंबर १०१४. तिचा अर्थच 'डीएनएस सर्व्हरनी उत्तर दिलं नाही' असा आहे. खरं दुखणं चोरानेच दाखवलं, आणि मी मान डोलावत बसलो.

'नेटवर्क क्लीनिंग'चे २,३६०. चोर जीएसटीसुद्धा लावतो! पाच वर्षांच्या 'प्रोटेक्शन'चे ५,८९९. दुसऱ्या दिवशी नेट परत गेलं तसे मी पैसे मागितले, तर म्हणे रिफंडसाठी मोबाईलवरही तेच अॅप टाका. ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही. त्याने तो माझ्या स्क्रीनवर वाचला. ३८,५०० गेले.

बँकेत गेलो तर "ओटीपी तुमच्याच मोबाईलवर आला ना?" एवढं एकच वाक्य, तीन टेबलांवर. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं की चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. हे म्हटल्यावर साहेब जेवायला गेले. पोलीस ठाण्यात सांगितलं, सायबरकडे जा. सायबरवाल्यांनी परत ठाण्यात पाठवलं. तिथल्या हवालदाराने अर्ज घेण्याआधी "शिकलेली माणसं तुम्ही, दुकान चालवता" हे ऐकवलं. लुटलं त्याने, झडती माझी. अर्जावर पोच मागितली तर शिक्का सापडेना!

तुमचं असं झालं तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, बँकेच्या पायऱ्या नंतर चढा; पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंतच रोखता येतात. बँकेला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

नेट शेवटी शेजारच्या मेडिकलवाल्याच्या पोराने बघितलं. पिंग करून, म्हणजे समोरून उत्तर येतं का ते बघून, ८.८.८.८ या आकडी पत्त्याकडून लगेच उत्तर, साइटचं नाव टाकलं की नाही. कॉम्प्युटरच्या नेटवर्क अॅडॉप्टरच्या सेटिंगमध्ये जुन्या ब्रॉडबँडवाल्याने हाताने टाकलेले डीएनएसचे दोन पत्ते तसेच होते. पहिला मेलेला, दुसरा मनात आलं तर उत्तर द्यायचा. मोबाईल डीएनएसचा पत्ता राउटरकडून घ्यायचा, म्हणून तो ठीक. पोराने ते ऑटोमॅटिकवर टाकलं, साठवलेले जुने पत्ते पुसायला आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस चालवलं आणि चहा पिऊन गेला. फायबर जोडायला आलेल्याने हे तेव्हाच बघायला नको होतं का?

ते अॅप दोन्हीकडून काढा, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. आणि ती जाहिरात अजून येते. नंबर बदललाय, कंपनीचं नाव तेच. दिसली की रिपोर्ट मारा.