ट्रेलिंग आर्मचं एअर सस्पेन्शन आणि लिफ्ट ॲक्सल: ११ महिने वापरल्यावर

पाट्यांच्या (लोखंडी पानांच्या स्प्रिंगच्या) ट्रेलरवर १२ वर्षं काढली आणि मग तीन ॲक्सलचा नवा ट्रेलर घेतला. ट्रेलिंग आर्मचं एअर सस्पेन्शन, पुढचा ॲक्सल लिफ्टचा, म्हणजे चाकांसकट वर उचलता येणारा. आता ११ महिने झाले, गाडी साधारण ७८,००० किलोमीटर चालली. घेतला होता माल कमी आदळावा म्हणून, आणि तो कमी आदळतो, त्यात वाद नाही. पण आज कोणी विचारलं की या ट्रेलरमध्ये सगळ्यात कामाचं काय, तर मी चासीच्या बाजूला बसवलेला हवेच्या दाबाचा काटा दाखवतो. तो वाचायला शिकण्यात माझे पहिले तीन महिने गेले, आणि त्या तीन महिन्यांत ज्या चुका झाल्या त्या इथे लिहून ठेवतो.

ज्यांनी खाली वाकून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी रचना. चासीखाली दोन्ही बाजूंना हँगर (खाली लोंबणारे लोखंडी कंस), हँगरमध्ये बोल्ट आणि त्याभोवती रबरी नळीसारखा बुश, त्या बुशवर अडकवलेला आणि मागे गेलेला जाड आर्म. आर्मच्या मधल्या भागावर ॲक्सल पक्का बसवलेला, मागच्या टोकावर हवेचा रबरी फुगा. चाक उचललं गेलं की आर्म बिजागरीवरच्या दारासारखा फिरतो आणि फुगा दाबला जातो. लिफ्टच्या ॲक्सलला आणखी एक फुगा असतो, उलट्या दिशेने ढकलणारा. मुख्य फुग्यांतली हवा सोडायची, या फुग्यात भरायची, ॲक्सल वर.

आता काटा. फुग्याचा जोर म्हणजे हवेचा दाब गुणिले फुग्याचं क्षेत्र, बाकी काही नाही. माझ्या फुग्याचं उपयोगी क्षेत्र ५०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे दर बारला (बार हे दाबाचं माप) एक फुगा अर्धा टन उचलतो. पण फुगा ॲक्सलच्या मागे आहे. बुशपासून ॲक्सल ५० सेंटिमीटरवर, फुगा ८८ सेंटिमीटरवर. पहारेने दगड उचलताना टोकाला धरल्यावर जसा जोर वाढतो, तसा इथे तो पावणेदोन पटीने वाढतो. दोन्ही बाजू धरून दर बारला एका ॲक्सलवर सुमारे १.८ टन. यात ॲक्सल आणि चाकांचं स्वतःचं वजन मिळवायचं, कारण ते फुग्यावर बसलेलं नसतं. माझ्याकडे ते ०.८ टन धरतो. म्हणजे काटा ४ बार दाखवत असेल तर एका ॲक्सलखाली ८ टन, तिघांखाली २४.

हे गणित कागदावर केलं आणि मग वजनकाट्यावर गाडी तीनदा नेली: रिकामी, अर्धी, पूर्ण. आकडे जवळपास जुळले. जो थोडा फरक होता तो धरून काट्याच्या काचेवर मार्करने खुणा केल्या. आता भरताना फोर्कलिफ्टवाल्याला मी सांगतो, 'पुढे सरकव', 'मागे दोन पॅलेट कमी कर', आणि वजनकाट्यावर जाऊन परत यावं लागत नाही. ट्रेलर ठरलेल्या उंचीवर ठेवायला फुग्यांत हवा भरणारा-सोडणारा उंचीचा वॉल्व्ह लगेच हवा देत-घेत नाही, काही सेकंद थांबतो, नाहीतर रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला तो फुसफुसत बसला असता. म्हणून भरून झाल्यावर गाडी सपाट जागेवर घ्यावी, ब्रेक सोडून थोडी हलवावी, आणि मग काटा वाचावा. घाईने वाचलेला आकडा फसवतो.

रिकाम्या गाडीला काटा अर्ध्या बारवर असतो. लिफ्ट उचलली की तो एकच्या जवळ जातो, कारण तिघांचा भार दोघांवर येतो आणि वर उचललेल्या ॲक्सलचं वजनही त्यांच्याच डोक्यावर बसतं. अर्ध्या मालाला २.२, लिफ्ट उचलल्यावर साडेतीनच्या आसपास. इथवर सगळं ठीक.

तिसऱ्या महिन्यात काय झालं ते सांगतो. रिकामी गाडी लिफ्ट उचलून आली, पूर्ण माल भरला गेला, आणि लिफ्ट खाली घ्यायची राहून गेली. आमच्याकडे तेव्हा फक्त हाताने फिरवायचा वॉल्व्ह होता. ड्रायव्हरला पहिल्या वळणावर गाडी डुलल्यासारखी वाटली, पण 'नवीन सस्पेन्शन, असंच असेल' म्हणून तो पुढे गेला. ६० किलोमीटरवर चहाला उतरला तेव्हा पुढची चाकं हवेत आणि काटा सहाच्या पुढे. म्हणजे जिथे ८ टन यायला हवे होते तिथे जवळपास १२. टायर फुटले नाहीत हे नशीब. आणि ब्रेकचं पाहा: वर उचललेल्या ॲक्सलचे ब्रेक हवेत चाक धरून बसतात, गाडी थांबवायचं सगळं काम उरलेल्या दोघांवर.

रस्त्याचं नुकसान कसं वाढतं याचा एक जुना अंदाज आहे, अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या आशो रस्ता चाचणीतून निघालेला: ॲक्सलवरचा भार वाढला की मार साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढतो. दीडपट भार म्हणजे दीडचा चौथा घात, पाचपट. आमच्या त्या ६० किलोमीटरांत प्रत्येक ॲक्सल पाच ॲक्सलांइतका रस्ता कुटत गेला.

त्यानंतर मी आपोआप उतरवणारा वॉल्व्ह बसवून घेतला. फुग्यांतला दाब ठरवलेल्या आकड्यापुढे गेला की लिफ्ट स्वतःहून खाली येते, ड्रायव्हरला आठवण असो वा नसो. बऱ्याच देशांत हे नियमानेच लागतं आणि ते योग्यच आहे. हाताच्या वॉल्व्हवर लिफ्ट ॲक्सल कोणी देत असेल तर घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त पडो.

दुसरी फजिती धक्क्यावरची. ट्रेलर मालाच्या धक्क्याला टेकवला, ब्रेक लावले, फोर्कलिफ्ट आत-बाहेर करू लागली. अर्ध्या तासाने धक्का आणि ट्रेलर यांच्यामध्ये वीतभर फट. ब्रेक तर घट्ट होते! कारण आर्ममध्ये आहे. ट्रेलर खाली बसतो तेव्हा आर्म फिरतो, आर्मला ॲक्सल पक्का, आणि ब्रेकने ॲक्सलला चाक पक्कं. म्हणजे आर्मबरोबर चाकही किंचित फिरतं आणि ट्रेलरला पुढे ढकलतं. फोर्कलिफ्ट आत गेली की ट्रेलर दबतो, बाहेर आली की उठतो, मधे वॉल्व्ह हवा भरतो-सोडतो, आणि असं पावलापावलाने ट्रेलर चालू लागतो. पाट्यांवर हे एवढं कधी जाणवलं नव्हतं. उपाय सोपा: धक्क्याला टेकण्याआधी सगळे फुगे रिकामे करायचे, चासी रबरी ठोकळ्यांवर बसवायची, मग ब्रेक. निघताना हवा भरायला दोन मिनिटं. हे आता आमच्याकडे सवयीचं झालंय, पण गाडी देताना कोणी एका शब्दाने बोललं नव्हतं.

आता बुश, ज्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे आणि सगळ्यात जास्त वेळ गेला आहे. चौथ्या महिन्यात ड्रायव्हर म्हणाला, "मालक, सरळ रस्त्याला आरशात ट्रेलरची डावीच बाजू जास्त दिसतेय." ट्रेलर तिरका चालत होता. ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवले, घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) हळूच पुढे-मागे केला आणि मी खाली बसून हँगरकडे पाहत राहिलो. मधल्या ॲक्सलचा डावा आर्म बोल्टभोवती उघड उघड हलत होता. काढल्यावर बुशचं रबर आतल्या नळीपासून सुटलेलं निघालं. ७८,००० मधले तेव्हा २५,००० सुद्धा झाले नव्हते.

कारण कळायला दोन मिस्त्री लागले. हा बुश म्हणजे आतली लोखंडी नळी, बाहेर रबर. बोल्ट आवळला की आतली नळी हँगरला घट्ट चिकटते आणि मग आर्म फिरतो तो रबर पिळून. म्हणून बोल्ट आवळायचा तो गाडी तिच्या ठरलेल्या उंचीवर उभी असताना, म्हणजे रोजच्या स्थितीत रबराला पीळ शून्य राहतो. आमच्या ट्रेलरला सस्पेन्शन बसवणाऱ्यांनी चासी घोडीवर (आधाराच्या स्टँडवर) ठेवून, ॲक्सल खाली लोंबत असताना बोल्ट आवळले होते. गाडी जमिनीवर उतरली त्याच क्षणी रबर अर्धं पिळलेलं. त्यात एकाने कुरकुर ऐकून त्यावर तेल मारलं. रबराला खनिज तेल म्हणजे सावकाश दिलेलं विष, ते फुगतं आणि सैल पडतं.

सगळे सहा बोल्ट मग सैल करून, गाडी उंचीवर घेऊन, टॉर्क पान्याने पुन्हा आवळले. हवेच्या बंदुकीने नाही; बंदूक आवळते, पण किती ते सांगत नाही. हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासले, दोन बोल्ट थोडे फिरले. तेव्हापासून बुशची तक्रार नाही.

बुश बदलला की ॲक्सलची रेष पुन्हा लावावीच लागते. किंगपिनपासून (ट्रेलर घोड्याला जिथे अडकतो ती खुंटी) पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर मोजायचं, फरक ३ मिलिमीटरच्या आत हवा; मागच्या ॲक्सलांची टोकं पुढच्याशी त्याहून बारीक, दीड मिलिमीटरच्या आत. हँगरवरची वर्तुळाकार चकती फिरवून आर्म पुढे-मागे करता येतो. एका सकाळचं काम आहे. न केल्यास टायर कधी संपले ते कळतही नाही.

शॉकबद्दल (उसळी मारणारे शॉक ॲब्सॉर्बर) थोडंच. पाट्यांमध्ये पान पानावर घासतं आणि उसळी आपोआप मरते. फुग्यात घासायला काहीच नाही, त्यामुळे शॉक गेला की चाक चेंडूसारखं उड्या मारतं. आठव्या महिन्यात मागच्या ॲक्सलच्या एका टायरवर जागोजागी खळगे दिसले. लांबची खेप संपल्या संपल्या प्रत्येक शॉकला हात लावून पाहिला: पाच कोमट, एक थंडगार. थंड शॉक काम करत नाही, सरळ हिशोब. (हात लावताना जपून, काही चांगलेच तापलेले असतात.)

टायरचा फायदा खरा आहे, पण जाहिरातीत सांगतात तसा सरसकट नाही. तीन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये वळताना मधला ॲक्सल बऱ्यापैकी सरळ फिरतो, पुढचा आणि मागचा आडवे घासतात. रिकाम्या खेपांना लिफ्ट वर असल्याने पुढचे टायर मागच्यांच्या मानाने बरेच कमी झिजलेत. मागचे मात्र अजूनही घासतात, आणि पुढचे उचलले म्हणून त्यांचं फार भलं झालेलं नाही. शिवाय पुढचा ॲक्सल उचलला की ट्रेलरचा टेकू मागे सरकतो. त्याचे दोन परिणाम. घोड्यावरचा भार थोडा वाढतो, ओल्या चढाला त्याच्या चाकांना पकड मिळते, हे चांगलं. पण वळताना ट्रेलर आतल्या बाजूने जास्त कापतो, आणि अरुंद फाटकात ही गोष्ट पहिल्यांदा कळते ती खांबाला घासल्यावर. आमचा उजवा पत्रा साक्षीला आहे.

लिफ्टचा फुगा जुना झाला किंवा कुठे हवा गळू लागली की ॲक्सल हळूहळू खाली येतो, चाक रस्त्याला चाटत जातं आणि टायरवर एकाच जागी सपाट चट्टा पडतो. म्हणून उचलल्यावर निदान हाताचा पंजा आडवा जाईल एवढी फट आहे ना, हे निघताना बघतो. सकाळी ट्रेलर एका बाजूला बसलेला दिसला तर साबणाचा फेस घेऊन सांधे आणि फुग्याची वरची कड तपासतो. आतापर्यंत दोनदा गळती सापडली, दोन्ही वेळा सांध्याला. टाकीतलं पाणी रोज सोडतो. सकाळी गाडी चालू केल्यावर फुगे लगेच भरत नाहीत याचा सुरुवातीला वैताग यायचा. आधी ब्रेकच्या टाकीत पुरेसा दाब, मग सस्पेन्शनला हवा, अशीच ती जोडणी आहे, आणि फुगा फाटला तरी ब्रेकची हवा राहते ती त्यामुळेच.

पुढचा ट्रेलर याच जातीचा घेणार. त्यात काटा चासीवर नको, घोड्याच्या केबिनमध्ये हवा. बोल्ट आवळताना मी स्वतः शेजारी उभा राहीन. आणि पुढच्याबरोबर मागच्या ॲक्सललाही लिफ्ट लावून घेईन: आवारात अर्ध्या मालावर मागचा उचलला की टेकू पुढे येतो, ट्रेलर आखडून वळतो, आणि त्या फाटकाचा खांब सुटतो.