९२ टक्क्यांचा तो कागद: जुनी हायब्रिड घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

राजेहो, ७,२६,९०० रुपये गेले. गावात कुणी विचारलं तर "थोडेफार गेले" म्हणून विषय बदलतो, लाज वाटते. इथे पूर्ण आकडा लिहितो, कारण नागपुरात जुनी हायब्रिड बघायला निघालेला एखादा जण हे वाचून तरी थांबेल.

गाडी २०१४ ची टोयोटा कॅमरी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि मोठ्या बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली. गाडीत खोट नव्हती आणि बनवणाऱ्या कंपनीशी माझं भांडण नाही. दहा वर्षांची बॅटरी थकणारच, त्यातून आपल्याकडचा ४५ अंशांचा मे महिना. भांडण आहे ती थकलेली बॅटरी ठणठणीत म्हणून माझ्या गळ्यात मारणाऱ्या डीलरशी.

आमचं गाव करंजीपासून आत. लाइन कधी जाईल, कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे पूर्ण इलेक्ट्रिक गाडीचा विचारच केला नाही. बाबांना दाखवायला नेहमी नागपूरला न्यावं लागतं, माझ्या गुडघ्याला क्लच झेपत नाही, आणि कापसाचे पैसे हातात होते. ६,४०,००० मध्ये एवढी मोठी ऑटोमॅटिक गाडी, वर मायलेज. हौस म्हणून घेतली नाही, गरज होती.

बॅटरीबद्दल मी विचारलं नाही असं कुणी म्हणू नये. पहिला प्रश्न तोच होता. डीलरनं लगेच छापील कागद काढला: "हायब्रिड बॅटरी हेल्थ ९२ टक्के". आणि वर म्हणाला, "अजी भाऊ, समजा बॅटरी गेलीच, तरी पेट्रोलवर चालतेच ना गाडी. टेन्शन कायले घेता?"

हे धादांत खोटं आहे, हे सगळ्यात आधी लक्षात ठेवा. या गाडीत इंजिन सुरू करायला वेगळा स्टार्टर नसतो. मोठ्या बॅटरीच्या जोरावर मोटर इंजिन फिरवते. ती बॅटरी बसली की टाकी काठोकाठ भरलेली असली तरी इंजिन सुरू होत नाही.

आता तो क्षण सांगतो. रात्री झोप उडाली की अजून तोच डोळ्यांपुढे येतो. ट्रायल घेताना वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर गाडी चढवली, एसी चालू होता. स्क्रीनवर बॅटरीच्या कांड्या जवळजवळ भरलेल्या होत्या, त्या चढ संपेपर्यंत दोनवर आल्या. उतरताना पुन्हा झरझर भरल्या. मी विचारलंसुद्धा, "इतक्या लवकर कशा उतरल्या?" तो म्हणाला, "हायब्रिडमध्ये असंच राहते. भरते, उतरते, तेच तं तिचं काम हाय." मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "बापू, इथं मागं काहीतरी घुरघुरते रे." डीलर लगेच वळला, "एसीचा ब्लोअर हाय काकाजी."

ब्लोअर नव्हता. मागच्या सीटपाशी बॅटरी गार करणारा पंखा असतो, बॅटरी तापली की तो जोरात फिरतो. आणि बुडाशी गाळ साचलेला रांजण जसा दोन घागरींत भरतो आणि दोन घागरींत रिकामा होतो, तशी त्या बॅटरीची गत होती. एवढी चिन्हं समोर होती. पण मला सांगा, शेतकरी माणसाला हे कोण शिकवतं? कांड्या भरलेल्या दिसल्या की बॅटरी चांगली असंच कुणालाही वाटेल. त्या कांड्या आत्ता चार्ज किती आहे एवढंच सांगतात. बॅटरीची ताकद किती उरली ते त्यात दिसतच नाही. ट्रिप मीटर शून्यावर होता आणि घड्याळ चुकीचं होतं, तेही मी पाहिलं होतं. "सर्व्हिसिंगला बॅटरीची वायर काढली होती" असं उत्तर मिळालं. उत्तर पटण्यासारखं होतं म्हणून पटलं.

मे महिन्यात बाबांना घेऊन परत येताना जाम गावाच्या पुढे स्क्रीनवर लाल त्रिकोण लागला, "चेक हायब्रिड सिस्टीम". सावलीला थांबून गाडी बंद केली, ती पुन्हा सुरूच झाली नाही. भर दुपारी बाबा रस्त्याच्या कडेला बसले होते. डीलरला फोन लावला, तर "विकलेल्या मालाची जबाबदारी नाही" म्हणाला आणि कट केला. गाडी उचलून नागपूरला न्यायचे ७,५०० लागले.

तिथल्या मेकॅनिकनं स्कॅनर लावला, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरनं नोंदलेला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र. कोड पी०ए८०, म्हणजे बॅटरी पॅक खराब. मग त्यानं पॅक उघडून दाखवला. त्यात ३४ मॉड्यूल, म्हणजे छोट्या बॅटऱ्या, असतात, सगळे मिळून २४४.८ व्होल्ट. ३२ मॉड्यूलच्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या, आणि दोघांच्या चकचकीत, नटही नवे. म्हणजे माझ्या आधीच कुणीतरी पॅक उघडून मेलेले दोन बदलले होते, कोड उडवला होता (शून्यावरचा ट्रिप मीटर आणि चुकलेलं घड्याळ ही त्याचीच खूण) आणि गाडी विकायला उभी केली होती. असं ठिगळ टिकत नाही, उरलेले जुने मॉड्यूल एकामागून एक जातात. नव्या पॅकचं कोटेशन ऐकून मी गप्प बसलो आणि ४८,००० देऊन पुन्हा ठिगळच लावून घेतलं, कारण बाबांची तारीख पुढे ढकलता येत नव्हती. ट्रान्सफर आणि विम्याचे ३१,४०० आधीच गेले होते.

तुम्ही बघायला जाल तेव्हा गाडी थंड पाहिजे. आधीच फोन करून सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका. बॉनेट गरम लागलं तर परत फिरा. कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर आणि तो वाचता येणारा माणूस स्वतःचा न्या, डीलरचा नको. स्कॅनरवर "कोड उडवल्यापासून किती किलोमीटर" हा आकडा दिसतो. तो ३० किंवा ४० निघाला तर समजा, तुम्ही येणार म्हणून कालच साफसफाई झाली आहे. या गाडीत स्कॅनरवर दोन-दोन मॉड्यूलचे १७ ब्लॉक दिसतात, प्रत्येक साधारण १४.४ व्होल्टचा. उभ्या गाडीत सगळे सारखेच दिसतील, त्यावर जाऊ नका. एसी लावून चढावर गाडी खेचा आणि शेजारच्या माणसाला आकडे बघायला लावा. एखादा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा व्होल्टभर खाली कोसळत असेल तर त्यातला सेल मेलेला आहे. नारंगी केबलला मात्र हात लावू नका, जीव जाईल.

आणि तो ९२ टक्क्यांचा कागद! त्यावर चेसिस नंबर नाही, किलोमीटर नाही, तारीख नाही, सही नाही.

तोच कागद घेऊन मी आमच्या पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी वाचलाही नाही. "हा दिवाणी मामला आहे, नागपूरला जा." नागपूरला गेलो, तर "पैसे तुमच्या तिकडच्या बँकेतून गेले, तिकडेच द्या." हद्द कुणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर लिहून घ्यावी लागते असं नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३ मध्ये आहे. ते मी मोबाइलवर उघडून दाखवलं, तर "आम्हाला कायदा शिकवता का?" मग विचारलं, रोख दिलेल्या १,९०,००० ची पावती कुठे? २५,००० इसार फोनवरून आणि ४,२५,००० आरटीजीएसनं गेले, त्याचा पुरावा आहे. उरलेले रोखीत मागितले आणि पावती दिली नाही, यात चोर मी ठरलो! पॅक उघडल्याचे फोटो तर कुणी बघितलेही नाहीत. फसवणूक सिद्ध करायला आणखी काय लागतं?

आरटीओची तीच तऱ्हा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला अधिकारपत्र घ्यावं लागतं. याच्याकडे ते आहे का एवढंच मी विचारलं. "गाडी तुमच्या नावावर झाली ना? मग आता काय?" अर्जावर पोचसुद्धा भांडून घ्यावी लागली. कागदोपत्री विकणारा मुंबईचा जुना मालक आहे, डीलरचं नाव कुठेच नाही. डीलर आता सांगतो की मी फक्त मध्यस्थ होतो. म्हणून अधिकारपत्र पाहिल्याशिवाय इसार देऊ नका, रोख एक रुपयाही देऊ नका, आणि बॅटरीबद्दल जे तोंडी बोलतो ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत. दोन वर्षांच्या आत करावी लागते. माझ्या रकमेला फी २०० रुपये लागली, ५ लाखांपर्यंत तीही नाही. वकिलाची सक्ती नाही.

नोटीस पोचली तसा डीलरचा आवाज बदलला. "भाऊ, ४०,००० घ्या आन् मिटवा." मी सांगितलं, ७,२६,९०० आणि त्यावरचं व्याज घेऊन ये, नाहीतर तारखेला भेटू.