सात किलोत आठ दिवस : दोन पाऊच, एक मान-उशी आणि अमळनेरच्या शिंप्याचं जाकीट

"विमानाच्या पोटात टाकायला पंधरा किलो मिळतात, मग हा खटाटोप कशाला?" घरातल्या सगळ्यांनी विचारून झालंय. कारण एवढंच की मागच्या वर्षी सुरत विमानतळावर पट्ट्यासमोर बॅगेची वाट बघत उभा राहिलो आणि अमळनेरची गाडी गेली. रात्र फलाटावर काढली. तेव्हाच ठरवलं, न्यायचं ते हातातच. लेक बंगळूरला असते, त्यामुळे नऊ महिन्यांत सहा फेऱ्या झाल्या. सहाही सात किलोत.

सुरुवात कमी जागेत कपडे बसवायचे व्हिडिओ बघून केली आणि तिथेच फसलो. त्यातले बरेचसे अमेरिकेतले. तिकडच्या मोठ्या कंपन्या हातातल्या बॅगेचं माप बघतात, २२ × १४ × ९ इंच. वजनाचं सहसा कोणी विचारत नाही. आपल्याकडे मापही साधारण तेवढंच, ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर, पण वर सात किलोची पाचर. कपडे कितीही दाबा, काट्याला त्याचं काय? हे ज्ञान चौदाशे रुपयांचे पाऊच घेतल्यानंतर झालं.

पाऊच दुहेरी चेनचे. एक चेन लावून बंद करायचं, दुसरी ओढली की आतली हवा जाते. स्वेटर, लोकरी टोपी, शाल यांना उत्तम, अर्ध्यावर येतात. सुती कपड्यात मुळात हवाच कमी, त्यामुळे फार फरक नाही, आणि कांजी केलेला कुर्ता आत गेला की बाहेर येताना भाजलेला पापड. आता त्यात टेरिकॉटचेच शर्ट घालतो. हलके, चुरगळत नाहीत, रात्री धुतले की सकाळी वाळलेले. (ऑगस्टमधलं बंगळूर सोडून. तिथे बनियन दोन दिवस ओला होता. आमच्याकडे मे महिन्यात शेवटचा कपडा दोरीवर टाकेपर्यंत पहिला वाळतो, त्या हिशेबाने गेलो होतो.) चौथ्या महिन्यात एका पाऊचची चेन उसवली, शिंप्याने तीस रुपयांत नवी बसवली, ती अजून टिकून आहे. पंपाने हवा काढायच्या पिशव्याही आणल्या होत्या. परतीला पंप घरी राहिलेला. विषय संपला.

मान-उशीची युक्ती तुम्हीही पाहिली असेल. आतला फोम काढायचा, खोळीत कपडे कोंबायचे, गळ्यात अडकवायची. दोन टी-शर्ट, तीन अंडरवेअर, मोजे बसतात. पण उशी अशी कडक होते की मान टेकवण्यापेक्षा खांब बरा. तिसऱ्या फेरीत काउंटरवरच्या मुलीने ती दोन बोटांनी दाबून बघितली, "सर, ये पिलो है?" असं विचारलं आणि हसत हसत काट्यावर ठेवली. तेव्हापासून उशी घरी, टीव्हीसमोर. आता तिच्यात फोम आहे.

खरा चोर निघाला माझी ट्रॉली. घरच्या काट्यावर रिकामी २ किलो ८०० ग्रॅम! सातातले जवळजवळ तीन किलो नुसत्या चाकांना आणि दांड्याला. त्याऐवजी ८५० ग्रॅमची कापडी बॅग घेतली आणि एका झटक्यात आठ-नऊ शर्टांचं वजन मोकळं झालं. शिवाय बंगळूरसाठी जळगावहून हैदराबाद गाठायचं तर विमान पंख्याचं, एटीआर जातीचं. वरचे कप्पे लहान, कडक ट्रॉली बऱ्याचदा जिन्याशीच काढून घेतात. कापडी बॅग मुडपून बसते. आत सगळं गुंडाळून, वळकटीसारखं. आजोबा एसटीने पंढरपूरला असेच जायचे, त्यांना कुणी व्हिडिओ दाखवला नव्हता.

आता जाकीट. सहसा अंगावरचं कोणी तोलत नाही, म्हणून जीन्स आणि बूट अंगावरच. जीन्सच साडेसहाशे ग्रॅम भरते. मग डोक्यात आलं, शेतकऱ्याच्या बंडीला आतून खिसे असतात, तसे मोठे का नकोत? अमळनेरच्या आमच्या शिंप्याला चित्र काढून दाखवलं. तो म्हणाला, "भाऊ, इतला खिसा कसाले?" पण शिवलं झकास. छातीशी आतून दोन, खाली दोन, आणि पाठीत कमरेच्या वर आडवा एक मोठा, ज्यात कुर्ता-पायजमा सपाट घडी करून जातो. शिलाई-कापड धरून अकराशे. भरल्यावर दीड-पावणेदोन किलो सहज पेलतं. सहापैकी चार फेऱ्या त्याच्यावर काढल्या, एक टाका उसवलेला नाही.

तोटेही सांगतो. सुरक्षा तपासणीत जाकीट ट्रेमध्ये काढून ठेवावं लागतं. एकदा यंत्राच्या पडद्यावर काय दिसलं कोण जाणे, जवानाने पाठीचा खिसा उघडून माझा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा सगळ्या रांगेसमोर उलगडला. मे महिन्यात तर घालूच नका. जळगावला पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना मी ते दारापासून काउंटरपर्यंत मिरवलं, खिशातले बनियनसुद्धा घामाने भिजले. आणि माप रिकाम्या अंगाचं घेतलेलं, त्यामुळे खिसे भरले की गुंड्या लागत नाहीत. सौ. म्हणते, "अहो, बिबड्यांचं पोतं दिसताय."

बिबड्यांवरून आठवलं. वाचलेलं वजन खाऊला जाणार हे धरून चला. ज्वारीच्या बिबड्या (आमचे खानदेशी पापड), केळीचे वेफर्स हलके असतात, पण जागा खातात. तिथे मात्र पाऊचने कपडे दाबल्याचा उपयोग झाला. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या हातातल्या बॅगेत चालत नाहीत, तेलामुळे पेट घेऊ शकतात म्हणून. रश्श्यासाठी नेलेल्या आमच्या चार वाट्या तिथेच राहिल्या. तिखटाची पूडही नेऊ नका. पॉवर बँक उलट हातातच हवी.

डिसेंबरात पुन्हा जायचंय. चेन बदललेला पाऊच स्वेटरसाठी ठेवलाय, आणि मागच्या आठवड्यात दुसरं जाकीट शिवायला टाकून आलो. शिंप्याने टेप माझ्या पोटाशी धरला, थांबला आणि विचारलं, "भाऊ, माप खिसा भरीसन लेऊ का तसंच?"