गाडीत गाणी: फ्लॅक की एमपी३?

जळगाव-धुळे माझं महिन्यातून तीन-चारदा होतं. फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता साठवलेली फाइल, एमपी३ म्हणजे थोडा आवाज गाळून लहान केलेली. दोन्ही फॉरमॅट या रस्त्यावर भरपूर वाजवून झालेत.

आवाजात फ्लॅक उजवं, यात वाद नाही. गाडी अंगणात बंद उभी करून ऐकलं की तंबोऱ्याची जवारी स्वच्छ कानावर येते. पण मे महिन्यात एसीचा पंखा चारवर असतो, शेजारून ट्रक जात असतात. पाळधी मागे पडल्यावर ३२० केबीपीएसचं, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं एमपी३ आणि फ्लॅक यांतला फरक मला तरी कधी ओळखू आला नाही. तुमचे स्पीकर चांगले असतील तर येईलही. फोनवरून ब्लूटूथने ऐकत असाल तर मात्र फ्लॅकचा आग्रह नको, वाटेत आवाज बहुधा पुन्हा दाबून लहान केलाच जातो.

पाच मिनिटांचं गाणं एमपी३त १२ एमबी, फ्लॅकमध्ये साधारण ३० एमबी. पेनड्राइव्ह स्वस्त झालेत, त्यामुळे जागेचं मला काही वाटलं नाही.

मला नडला तो एरंडोलचा चहा. आप्पा शेजारी होते, ख्याल द्रुतला आला होता. चहा घेऊन परत चावी फिरवली, तर स्टिरिओ ६४ जीबीचा फ्लॅकने भरलेला पेनड्राइव्ह पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. मिनिटभर पडद्यावर नुसतं चक्र, आणि मग पहिल्या फोल्डरमधलं पहिलं गाणं. आप्पा म्हणाले, "अरे, आत्ताच तर रंगात आलं होतं!" चालत्या गाडीत पुढे-पुढेचं बटण किती दाबणार? पारोळा आलं तरी तो ख्याल सापडला नव्हता. तीच गाणी एमपी३ करून घातली, तर थांबली होती तिथूनच सुरू होतात. तुमचा स्टिरिओ कदाचित फ्लॅकलाही असाच वागेल. दहा फाइली टाकून, गाडी बंद-चालू करून आधी बघा.

एमपी३ची एक खोट आहे. सलग मैफलीचे तुकडे केलेले असले की दोन तुकड्यांमध्ये क्षणभर आवाज तुटतो. मी अख्खी मैफल एकाच फाइलीत ठेवतो.

एम४ए हा तिसरा फॉरमॅट आवाजाला छान, पण जुने स्टिरिओ ते ओळखतच नाहीत.

फ्लॅक मी घरच्या हार्ड डिस्कवर जपून ठेवलंय, गाडीसाठीचं एमपी३ त्यातूनच काढतो. उलटं, एमपी३चं फ्लॅक करू नका. गेलेला आवाज परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.