अर्थशास्त्राच्या ॲडमिशनपायी २,६९,९४० रुपये गेले, तुमचे वाचवा

पोरीच्या ॲडमिशनसाठी एका कन्सल्टंटला किती दिले, ते आकडे आधी सांगतो. ११,००० रुपये रोख, 'फाईल चार्ज' म्हणून. १,८५,००० एनईएफटीनं, 'सीट कन्फर्मेशन'चे. ६४,५०० हॉस्टेलचे. आणि शेवटी ९,४४० 'डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन'चे, म्हणजे ८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण २,६९,९४०. यातला एक रुपया परत आलेला नाही. आणि ज्या सीटसाठी हे भरले, ती दिल्लीतली बीए ऑनर्स इकॉनॉमिक्सची सीट विकायला कधी नव्हतीच.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. नवीन पार्टी आली की आधी तिचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघतो, मगच जॉब घेतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं, 'अहो, एवढं कसं कळलं नाही?' कळत होतं की. जीएसटी लावलाय तर बिल द्या म्हणालोच होतो मी. 'पोर्टल डाऊन आहे सर, मेल करतो.' पोर्टल डाऊन असतं हे मला रोजचं माहीत, म्हणून गप्प बसलो.

या कन्सल्टंटचं नाव साडूंनी दिलं होतं. त्यांच्या मुलाचं इंजिनिअरिंगचं काम याच माणसानं केलेलं, मॅनेजमेंट कोट्यातून, आणि ते खरंच झालेलं. आता आपल्या भागात इंजिनिअरिंगला, मेडिकलला काय चालतं हे कुणाला सांगायला नको. खाजगी कॉलेजला इन्स्टिट्यूट लेव्हलच्या सीटा कायद्यानंच असतात. मग इकॉनॉमिक्सला का नसतील, असं मला वाटलं तर त्यात माझं काय चुकलं? नसतात, हे आज मला पाठ आहे. दिल्ली विद्यापीठात २०२२ पासून पदवीचे प्रवेश मुख्यतः सीयूईटीच्या, म्हणजे देशभर होणाऱ्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या, मार्कांवर होतात. विद्यापीठाच्या पोर्टलवर पसंतीक्रम भरायचा, सीट तिथंच लागते, फीसुद्धा तिथंच लॉगिन करून भरायची. स्पॉट राउंड असतो, पण तोही विद्यापीठच घेतं. राजारामपुरीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एसी ऑफिसात कुठलाही राउंड होत नाही.

पोरगी हुशार आहे. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूटही तिच्या यादीत होती. १९३० ची संस्था, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक, हे सगळं तिनंच मला सांगितलेलं. (ज्या गोखल्यांच्या नावानं ती आहे ते काही काळ आपल्या राजाराम कॉलेजातच शिकले, हे मी तिला सांगितलं. तेवढीच माझी भर.) पण मैत्रिणी दिल्लीचं बोलायला लागल्या आणि हिच्या डोक्यात दिल्ली बसली. सीयूईटी दिली, मार्क मध्यम आले. त्यात अकरावीला मॅथ्स की एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) असं विचारल्यावर हिनं एसपी घेतलेलं. कॉमर्सवाल्या आई-बापांनो, हे तिथंच थांबून वाचा. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला मॅथ्स लागतं. अकरावीचा फॉर्म भरताना मॅथ्स सोडलं की तो दरवाजा तिथंच बंद होतो, आणि हे आपल्याकडं अकरावीला कुणीही सांगत नाही.

आणि हेच ती त्या ऑफिसात बोलली. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून, त्याच्या तोंडावर. "पप्पा, माझं मॅथ्स नाही. मग ऑनर्सला कसं घेतील?"

तो हसला. "ताई, मॅथ्स रेग्युलर राउंडला लागतं. आपलं व्हेकन्सीतनं आहे, तिथं अट शिथिल असते."

तिनं मोबाईल काढून विद्यापीठाचं माहितीपत्रक उघडलं, ओळ शोधली, माझ्यापुढं धरली. इंग्रजीतली ओळ. आणि मी म्हणालो, "थांब गं जरा, सर बोलत्यात न्हवं!"

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की हे वाक्य कानात वाजतं. पण माझी बाजूही ऐका. समोर सोफ्यावर आणखी दोन पालक बसलेले, त्यातले एक नुकते पैसे भरून पावती घेऊन निघालेले. भिंतीवर मुलांचे हारतुरे घातलेले फोटो. 'दोनच सीटा उरल्यात, संध्याकाळपर्यंत सांगा,' असं त्याचं चाललेलं. सतरा वर्षांच्या पोरीचं ऐकायचं की ज्यानं साडूच्या मुलाचं काम केलंय त्याचं? तुम्ही कुणाचं ऐकलं असतं? ते पैसे भरणारे पालक खरे होते की त्याचीच माणसं, हे मला आजही सांगता येत नाही.

खातं एका 'एज्युकेशनल सर्व्हिसेस'च्या नावानं होतं. बँकेच्या ॲपमध्ये आयएफएससी टाकला तर शाखा कोल्हापूरची आली. कॉलेज दिल्लीचं आणि शाखा इथली. विचारलं तर 'कलेक्शन अकाउंट आहे सर.' फी कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या खात्याशिवाय कुठं मागितली की उठून चालू लागा, चहा अर्धा टाकून. दुसरं, तिथल्या कॉलेजची वर्षाची फी हजारांत असते. १,८५,००० कशाचे, हा साधा हिशेब होता.

आठवड्यानं लेटर आलं. कॉलेजचं नाव बरोबर, बोधचिन्ह बरोबर, सही-शिक्का झकास. मेल आला होता जीमेलवरनं. आम्ही घरात पेढे वाटले, निजामुद्दीन एक्सप्रेसची तिकिटं काढली. हॉस्टेलला गादी न्यावी लागते का हे विचारायला बायकोनं कॉलेजला फोन लावायला सांगितला, म्हणून तरी कळलं. तिकडचा क्लार्क म्हणाला, "ये लेटर फर्जी है, ऐसा कोई राउंड होता ही नहीं." त्या गादीचे उपकार.

पुढचं खरं संतापाचं आहे. त्या भामट्यानं पैसे खाल्ले, त्याचा धंदाच तो. पण ज्यांना पगार आपल्या मदतीचा मिळतो त्यांचं काय?

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन केला. तक्रार नोंदली, नंबरचा मेसेज आला. खात्यात शिल्लक काहीच नव्हती, होल्ड कशावर लावणार? हा नंबर पहिल्या काही तासांतच उपयोगाचा, पैसे पुढं वळवायच्या आत. आम्हाला कळेपर्यंत तीन आठवडे गेलेले. बँकेत मॅनेजर म्हणाला, 'ओटीपी तुम्हीच टाकलाय, आमचा काय संबंध?' खातं कुणाच्या कागदपत्रांवर उघडलं ते तरी सांगा म्हटलं, तर ते गोपनीय.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, 'हा देण्याघेण्याचा वाद आहे, कोर्टात जावा.' सायबरकडं गेलो तर 'समोरासमोर बसून दिलेत, रोखही दिलेत, मग सायबर कसलं? ठाण्यात जावा.' परत ठाण्यात आलो तर 'कॉलेज दिल्लीचं, लेटर दिल्लीचं, तिकडं द्या तक्रार.' माझ्या २,६९,९४० रुपयांचा त्या टेबलांनी नुसता फुटबॉल केला. एकानं तर दमच दिला, 'मागच्या दारानं ॲडमिशन घ्यायला गेलाच कशाला? तुमच्यावरच केस होईल.' बायको रडायला लागली, मी तिला घेऊन बाहेर आलो. म्हणजे फसलो आम्ही आणि चोर पण आम्हीच!

त्यानंतर एका वकिलानं सांगितलं ते ऐका, कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं. नवीन कायदा, भारतीय न्याय संहिता, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. फसवणुकीचं कलम आता ३१८, जुनं ४२० तेच. हद्द कुठलीही असो, ठाण्याला गुन्हा नोंदवता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. नाही घेतला तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवा, तिथंही दाद नाही लागली तर मॅजिस्ट्रेटकडं. तोंडी काही बोलू नका, अर्ज द्या आणि आपल्या कॉपीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का बघितल्यावर त्याच साहेबांनी मला खुर्ची दिली. गुन्हा अजून दाखल नाही, 'चौकशी सुरू आहे'. विद्यापीठाला आणि शिक्षण खात्यालाही लिहिलं. कन्सल्टंट आमच्या अखत्यारीत येत नाहीत, असं उत्तर आलं. मग कुणाच्या येतात? पानटपरीला सुद्धा परवाना लागतो राव!

व्हॉट्सॲपवरचं एकही बोलणं डिलीट करू नका. रागाच्या भरात पोरगीनं त्याचं चॅट उडवलं होतं, नशीब माझ्या फोनवर थोडं शिल्लक होतं. रोख देऊच नका. ते ११,००० दिल्याचं माझ्याकडं कसलाही कागद नाही, त्यामुळं अर्जातही ते नुसते सांगोवांगीचे.

पोरगी आता इथंच कॉलेजला आहे, लेट फी भरून घेतली ॲडमिशन, बीए इकॉनॉमिक्स. बोलते माझ्याशी, पण फॉर्म-बिर्म आता मला दाखवत नाही. स्वतःच भरते.

त्या राजारामपुरीतल्या ऑफिसला कुलूप आहे. पण बारावीच्या क्लासबाहेर पुन्हा पत्रकं वाटली जातायत, नाव दुसरं, मजकूर शब्दन् शब्द तोच. कुणी तिथं टोकन भरलं असेल तर पैशाचं नंतर बघा, आधी मूळ मार्कलिस्ट आणि दाखला काढून घ्या. मूळ कागद ठेवून घ्यायला यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०१८ मध्ये कॉलेजांनाही मनाई केली आहे, हा तर कोण कुठला. आमची मार्कलिस्ट साडूंनी आरडाओरडा केल्यावर मिळाली. दाखला अजून त्याच्याकडंच आहे, आणि डुप्लिकेटसाठी ज्युनिअर कॉलेजवाले ॲफिडेव्हिट मागतायत.