‘डेटा सरकतो आहे, फोनला हात लावू नका’

जुन्या फोनमधील माहिती नव्या फोनमध्ये नेण्याच्या खटपटीत मी एका भामट्याच्या तावडीत सापडले आणि पाऊण तासाच्या आत माझ्या जवळच्या दोन माणसांचे पैसे गेले. घडले ते क्रमाने लिहीत आहे, कारण त्या माणसाने मला ओटीपी मागितला नाही, पासवर्ड विचारला नाही, बँकेचे नावही काढले नाही. सावध राहण्यासाठी आपण ज्या खुणा पाठ करून ठेवलेल्या असतात, त्यांपैकी एकही त्याच्या बोलण्यात नव्हती.

संपर्क, छायाचित्रे आणि ॲप्स नव्या फोनमध्ये विनासायास आली होती. नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच तो जुन्या फोनमधील माहिती आणायची का, असे विचारतो. दोन्ही फोन केबलने जोडले आणि दीड तासात ते काम झाले. व्हॉट्सॲपवरील संभाषणे मात्र त्या वाटेने आली नाहीत, आणि माझा जीव त्यांच्यातच अडकला होता. माझ्या आईचे डायलिसिस चार वर्षांपासून चालू आहे. प्रत्येक तपासणीचा अहवाल, डॉक्टरांनी बदललेल्या गोळ्या, कोणत्या इंजेक्शननंतर तिला थंडी वाजून आली, हे सारे मी आणि माझा भाऊ एकमेकांना व्हॉट्सॲपवरच कळवत आलो आहोत. त्या संभाषणाला आम्ही आईची फाइलच म्हणतो. नवीन डॉक्टर काही विचारू लागले की आम्ही फोन काढून त्यातच शोधतो.

ही संभाषणे थेट एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये नेण्याची सोय व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये दिली आहे. दोन्ही फोन एकमेकांजवळ ठेवायचे, नव्या फोनच्या पडद्यावर दिसणारा क्यूआर कोड जुन्या फोनने स्कॅन करायचा, आणि मग सगळी संभाषणे वायफायवरून परस्पर सरकतात. मी हे दोनदा करून पाहिले आणि दोन्ही वेळा काम अर्ध्यावर थांबले. तेव्हा नव्या फोनवरील ॲप काढून टाकले, जुन्या फोनवरच व्हॉट्सॲप पुन्हा सुरू केले आणि मदत शोधायला इंटरनेटवर गेले. सर्वांत वर जो निकाल आला त्यात डेटा ट्रान्सफरसाठी मोफत साहाय्य असे लिहून खाली फोन क्रमांक दिला होता. ती पैसे देऊन वर आणलेली जाहिरात होती आणि तसे बारीक अक्षरांत लिहिलेलेही होते, परंतु माझे लक्ष फक्त क्रमांकाकडे गेले.

फोनवरचा माणूस अत्यंत सौजन्याने बोलत होता. अडचण त्याने मध्येच न तोडता ऐकून घेतली, दोन्ही फोनची मॉडेल विचारली, तक्रार नोंदवण्यासाठी म्हणून माझा व्हॉट्सॲपचा क्रमांक घेतला आणि सांगितले, की आता जुन्या फोनवर एक सूचना येईल, ती उघडा आणि मी सांगतो तो आठ अक्षरांचा कोड त्यात भरा, म्हणजे दोन्ही फोन जोडले जातील. खरोखरच सूचना आली. ती व्हॉट्सॲपचीच होती, बनावट नव्हती. नवीन उपकरण जोडण्यासाठी कोड भरा, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर त्यात होता, आणि मला नवीन उपकरणच तर जोडायचे होते. त्याने एकेक अक्षर सावकाश सांगितले, मी एकेक अक्षर भरले.

तो कोड माझ्या नव्या फोनसाठी नव्हता. व्हॉट्सॲप संगणकावर वापरता यावे म्हणून ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ ही जी सोय आहे, तिच्यात क्यूआर कोड स्कॅन करण्याऐवजी फोन क्रमांक देऊनही उपकरण जोडता येते. त्याने आपल्या संगणकावर माझा क्रमांक टाकला, तिथे त्याला आठ अक्षरांचा कोड दिसला आणि तोच त्याने मला वाचून दाखवला. हा उलटा प्रवास नीट ध्यानात घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे आलेला कोड कोणालाही सांगू नये, हे आपण शंभरदा ऐकलेले आहे. इथे मात्र कोड त्याच्याकडून माझ्याकडे आला आणि मी तो माझ्या हाताने भरला, म्हणून माझ्या मनात शंकेची पालही चुकचुकली नाही.

त्यानंतर तो म्हणाला, “आता डेटा सरकतो आहे. फोन टेबलावर पालथा ठेवा, स्पीकर चालू राहू द्या आणि अर्धा तास फोनला हात लावू नका. पडद्याला बोट लागले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल.” दोनदा अर्ध्यावर तुटलेले काम डोळ्यांपुढे होते, त्यामुळे मी फोन पालथा ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. तो अधूनमधून किती टक्के काम झाले ते सांगत होता. टेबलाच्या लाकडावर फोन सारखा थरथरत होता. मी विचारले तेव्हा त्याने सांगितले, की एकेक संभाषण पुढे जाते तसा फोन थरथरतो. मध्ये मध्ये दुसऱ्या कॉलची बीप ऐकू येत होती. ती घेऊ नका, जोडणी तुटेल, असे त्याने बजावले.

ती थरथर म्हणजे माझ्या नातेवाइकांची उत्तरे होती. बीप म्हणजे खात्री करून घेण्यासाठी मला लागोपाठ फोन करणारी माणसे होती. त्याने किंवा त्याच्या साथीदाराने माझ्या व्हॉट्सॲपवरून अनेकांना लिहिले होते, की आईचा फिस्टुला बंद पडला आहे, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागत आहे, माझ्या खात्यातून मोठी रक्कम जात नाही, तेवढी या खात्यावर पाठव, उद्या परत करते. फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातात शस्त्रक्रियेने जोडून घेतलेली रक्तवाहिनी; हा शब्द डायलिसिसच्या रुग्णाच्या घरातच रुळलेला असतो. आईच्या डॉक्टरांचे आडनाव त्यात होते, दवाखान्याचे नाव होते, आणि आतेबहिणीला मी ज्या लाडक्या नावाने हाक मारते तेही होते. उपकरण जोडले की मागचे संदेशही तिकडे उतरतात. आईची फाइल त्यांनी समोर ठेवून हे लिहिले होते. आतेबहिणीने एक मिनिटही न दवडता पैसे पाठवले. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यानेही पाठवले. त्यांना भोळे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझ्याच क्रमांकावरून, माझ्याच शब्दांत, आमच्या घरातच माहीत असलेल्या गोष्टी त्यांना लिहून आल्या होत्या, आणि ज्या फोनवर खात्री करायची तो लागत नव्हता.

शेवटची पायरी म्हणून त्याने मला जुना फोन फॅक्टरी रीसेट करायला सांगितले. आता सगळे नव्या फोनमध्ये पोचले आहे, जुना पुसल्याशिवाय नवा सुरू होणार नाही, असे तो म्हणाला. मी फोन सरळ करून सेटिंग्जमधील त्या पानापर्यंत गेले होते. तेवढ्यात आई तिचा फोन हातात घेऊन खोलीत आली. मामाचा फोन होता. “अगं, हा विचारतोय, मला कुठल्या वॉर्डात ठेवलंय म्हणून,” ती म्हणाली. माझा फोन लागेना, भावाचा लागेना, म्हणून मामाने शेवटी आजारी बहिणीलाच फोन लावला होता. तो लावला नसता तर मी ते बटण दाबले असते आणि चार वर्षांची फाइल माझ्याच हाताने पुसली गेली असती.

मी तो कॉल तोडला आणि घाईघाईने जुन्या फोनचे इंटरनेट बंद केले. ही माझी दुसरी चूक. जोडलेले उपकरण आता फोनवर अवलंबून नसते. फोन बंद असला तरी ते १४ दिवसांपर्यंत चालू राहू शकते. म्हणजे इंटरनेट बंद करून मी फक्त स्वतःचे डोळे मिटून घेतले होते, तिकडून संदेश जातच होते. भावाचा फोन लागल्यावर त्याने सांगितले, की इंटरनेट पुन्हा चालू कर, लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये जा आणि तिथे जे दिसेल त्यावर बोट ठेवून लॉग आउट कर. तिथे एका ब्राउझरचे नाव होते. मी तो ब्राउझर कधी वापरलेला नाही. लॉग आउट केले तेव्हा संदेश थांबले.

माझ्या व्हॉट्सॲपला सहा अंकी पिनचे दुहेरी संरक्षण पूर्वीपासून होते, आणि त्या भरवशावर मी निर्धास्त होते. तो पिन कोणी आपला क्रमांक दुसऱ्या फोनवर नव्याने नोंदवू पाहिले तर आड येतो. उपकरण जोडताना तो विचारला गेला नाही. संदेश एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे संभाषणाच्या दोन टोकांखेरीज कोणाला वाचता येत नाहीत, हेही खरे आहे, परंतु जोडलेले उपकरण हे त्या संभाषणाचे अधिकृत टोकच ठरते, त्यामुळे त्याच्यासमोर सगळे उघडे असते. एका वेळी अशी चार उपकरणे जोडता येतात. ती यादी आजच उघडून पाहावी. मीही ती त्या दिवसापूर्वी कधी उघडली नव्हती.

फसवणूक ओळखण्याची खूण मला फार उशिरा कळली, पण ती साधी आहे. संभाषणे फोनमधून फोनमध्ये नेण्याच्या कामात तिसऱ्या माणसाला जागाच नाही. दोन्ही फोन आपल्यासमोर असतात, क्यूआर कोड आपल्याच नव्या फोनवर उमटतो आणि तो आपल्याच जुन्या फोनने टिपायचा असतो. दूर बसलेल्या कोणी सांगितलेला कोड भरावा लागतो आहे, किंवा कोणी पाठवलेले क्यूआर कोडचे चित्र स्कॅन करावे लागते आहे, म्हणजे आपण स्थलांतर करत नसून परक्या संगणकाला दार उघडून देत आहोत. जुना फोन घाईने रीसेट करायला सांगणारा तर पुरावाच पुसू पाहत असतो. नव्या फोनमध्ये सगळे आले आहे हे स्वतः उघडून पाहिल्यावर, आणि त्यानंतरही काही आठवडे, जुना फोन तसाच ठेवावा.

तक्रार देताना आणखी एक गोष्ट कळली. त्यांनी पाठवलेले संदेश माझ्या बाजूने पुसले होते, त्यामुळे माझ्या फोनवर काहीच उरले नव्हते. परंतु ज्यांना ते गेले त्यांच्या फोनवर ते शाबूत होते. मी प्रत्येकाकडून त्यांचे स्क्रीनशॉट मागवले आणि ते पोलिसांना व बँकेला दिले. आतेबहिणीने तासाभरात तिच्या बँकेला कळवले होते, म्हणून तिच्या रकमेचा काही भाग पुढच्या खात्यात रोखता आला. सहकाऱ्याची रक्कम गेली ती गेलीच. ती मी हप्त्यांनी फेडत आहे. मी स्वतःलाच पाठवून ठेवलेली ओळखपत्रांची छायाचित्रे आणि पासवर्डही त्या संभाषणांत होते, म्हणून सगळे पासवर्ड बदलले आणि कार्डे बंद करून नवी घेतली.

संभाषणे पुढच्या आठवड्यात भावाने शेजारी बसून नेली. आधी काम तुटत होते त्याचे कारण जुन्या फोनचा बॅटरी सेव्हर होता. पडदा मावळला की तो ॲपच थांबवत होता. दोन्ही फोन चार्जिंगला लावले, बॅटरी सेव्हर बंद केला, पडदा जागा ठेवला, आणि पन्नास मिनिटांत आईची फाइल नव्या फोनमध्ये आली. त्या साहाय्याचा क्रमांक आता लागत नाही. काल मी तेच शब्द टाकून पुन्हा शोधून पाहिले, तर सर्वांत वर तशाच मजकुराची जाहिरात होती, फक्त क्रमांक वेगळा होता.